ठिपका काढू की ठेवू

विमानांच्या ऑनलाइन गॅलऱ्यांचे स्क्रीनर, म्हणजे आलेले फोटो तपासणारे, फोटो नाकारताना फारसं बोलत नाहीत. ठरावीक कारणांपुढे खुणा करतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. काकांच्या फोटोला जवळजवळ सगळ्याच खुणा लागल्या होत्या: क्षितिज तिरकं, रंगाची झाक, ग्रेन म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, ओव्हरशार्प म्हणजे कडांना नको इतकी धार, आणि धूळ.

फोटो एअर इंडियाच्या पहिल्या जम्बोचा. बोइंग ७४७, नोंदणी व्हीटी-ईबीडी, नाव ‘एम्परर अशोक’. १९७१ साली ते मुंबईत आलं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलेलं, आणि बाहेर काळोखात खरं क्षितिज दिसायला जागाच नव्हती. काका त्या काळात सांताक्रूझला इंजिनांच्या देखभालीत होते. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर १९७४ चा शिक्का आहे. तेव्हा विमानतळावर परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नसे, त्यामुळे हे विमान आपल्या घरच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंद जागेवर, उभं असलेली चित्रं फार नाहीत. म्हणूनच ते गॅलरीत असायला हवं, असं काकांइतकंच मलाही वाटत होतं.

जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. नाकारली गेलेली प्रत मी केलेली नव्हती. दुसऱ्या एका दुकानात कुणीतरी ‘ऑटो’चं बटण दाबलं होतं, त्यात आकाशाला पायऱ्या पडल्या होत्या आणि विमानाच्या कडेनं पांढरी रेघ धावत होती. पंचेचाळीस वर्षं जपलेली स्लाइड दोन मिनिटांत अशी उरकून टाकणाऱ्यांना हा धंदा का करावासा वाटतो, मला कळत नाही. स्क्रीनरनं ती नाकारली ते अगदी योग्य केलं.

मी स्लाइड पुन्हा ४००० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ४००० ठिपके घेत, स्कॅन केली. फिल्म कोडाक्रोम, कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म. तिचे रंग अंधारात ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात, पण स्कॅनर तिला निळसर वाचतो. शिवाय धूळ हुडकणारा इन्फ्रारेड किरण तिच्यावर फसतो. इतर रंगीत फिल्ममधून तो आरपार जातो आणि फक्त कचऱ्यावर अडतो. कोडाक्रोममध्ये तो चित्रावरच अडतो आणि मग सॉफ्टवेअर चांगले तपशील धूळ समजून पुसून टाकतं. म्हणून ते बंद ठेवायचं आणि हातानं साफ करायचं. मुंबईच्या दमटपणात बुरशी धरलेली, तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे शेपटीकडून पुढे आले होते.

क्षितिज सरळ करायला लोक जमिनीची रेघ धरतात. ॲप्रनला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. उभ्या रेषा बघायच्या, त्याही चौकटीच्या मध्याजवळच्या, कारण कॅमेरा जरा वर उचललेला असला तर कडेचे खांब आतल्या बाजूला झुकतात. मागच्या हँगरचा मधला खांब मिळाला, तो ओळंब्यात आणला, विमान आपोआप नीट उभं राहिलं. पांढरा रंग विमानाच्या अंगावरून घ्यायचा नाही, त्यात आकाश उतरलेलं असतं. मी काँक्रीटवरून घेतला.

आता झरोके. ज्यांनी ते विमान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल कमान रंगवलेली होती, नाकापासून शेपटीपर्यंत ओळीनं. गॅलरीच्या आकारात एकेक कमान काही पिक्सेलांची उरते. सगळ्या चित्राला एकच शार्पनिंग दिलं की कमानींना करवतीचे दात येतात आणि लाल रंग पांढऱ्यात सांडतो. मी आधी आकार लहान केला, मग आकाश, धड आणि जमीन वेगवेगळ्या मास्कखाली घेतली, म्हणजे एकावरचं काम दुसऱ्याला लागत नाही. कमानींना फक्त उजळपणाच्या थरावर, अगदी बारीक रेडियसनं धार दिली. आकाशाला धार दिलीच नाही, तिथला ग्रेन तेवढा मऊ केला. पूर्ण आकारात बघाल तर प्रत्येक कमानीचं टोक सुटं दिसतं. त्या कामाचा मला अभिमान आहे.

१२०० पिक्सेलची प्रत पाठवली. नकार आला, पण आता एकच खूण होती: धूळ. शेपटीच्या वर, उजवीकडे.

तो ठिपका मी आधीच पाहिलेला होता. तपासणीपुरता फोटो इक्वलाइझ केला, म्हणजे उजेडातले बारीक फरक ताणून मोठे केले, की आकाश काळं-पांढरं फुटतं आणि लपलेला प्रत्येक डाग वर येतो, तेव्हा तोही आला होता. पण मूळ स्कॅनमध्ये तो साठेक पिक्सेल रुंद, दोन पंख, आणि मागे दुभंगलेली शेपटी. घार होती ती. काकांना पडद्यावर मोठी करून दाखवली.

“काका, हा ठिपका काढला तर फोटो आजच्या आज लागेल.”

“अगं, घार आहे ना ती? मग काढायची कशाला? या घारींनी आम्हाला किती रात्री जागवलंय! पंख्याच्या पात्यात अडकली की सकाळच्या फ्लाइटआधी एकेक पातं तपासायचं. सांताक्रूझवर घार नाही असं कसं चालेल?”

मला स्क्रीनरचा रागही येईना. ही माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात, समोर फोटोंची रांग असते. त्या आकारात घार तेरा पिक्सेलांची, तिला धूळ म्हणणाराही चुकत नव्हता. पण त्याच गॅलरीचा नियम आहे की दृश्यात असलेलं काहीही पुसायचं नाही, खांब नाही, माणूस नाही. म्हणजे धूळ म्हणून पुसली तर नियम पाळल्यासारखं दिसणार, आणि प्रत्यक्षात मोडलेला असणार.

मार्ग एकच होता, प्रत मोठी करायची. १९२० पिक्सेलला घार वीस पिक्सेलांची होते आणि पंख कळतात. पण मोठ्या आकारात ग्रेनही मोठा होतो, लेन्सचा मऊपणाही उघडा पडतो. आकाश पुन्हा करावं लागलं, पंखांच्या टोकांची धार पुन्हा जुळवावी लागली. सोबत घारीचा मोठा केलेला तुकडा जोडला आणि अपिलात लिहिलं की हा पक्षी आहे, स्लाइड १९७४ ची आहे, आकार मुद्दाम वाढवला आहे. फोटो लागला. काकांनी दुकानात पेढे आणले.

तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. बुरशीचा धागा शेपटीकडच्या दोन खिडक्यांवरून गेला होता आणि तिथलं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थरच, खाल्लेलं होतं. त्या दोन कमानी मी शेजारच्या कमानींवरून भरल्या. याच विमानाचे दुसरे जुने फोटो शोधून तिथे खिडक्या आहेत याची खात्री केली, रंगाचा उतार जुळवला. स्क्रीनरना काही दिसलं नाही, आणि स्कॅनमधली खराबी दुरुस्त करायला नियमांची आडकाठीही नाही. पण घार फिल्मवर खरोखर होती, तिच्यासाठी भांडावं लागलं. त्या दोन कमानी फिल्मवर उरल्याच नव्हत्या, त्या बिनबोभाट आत गेल्या.

माझ्यासोबत काम करणारा म्हणतो, कमानी तर होत्याच ना विमानावर, मग खोटं काय केलं? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही, पटतही नाही. त्या खिडकीचा रंग त्या दुपारी उडालेला असू शकतो, झडप लागलेली असू शकते. मला ते माहीत नाही आणि मी तिथे शेजारची खिडकी बसवली आहे. फोटोच्या टिपणीत मी तसं लिहिलं आहे: शेपटीकडच्या दोन कमानी शेजारच्यांवरून भरलेल्या. साफ न केलेला स्कॅनही काकांना पेन ड्राइव्हवर दिला. त्यांच्या डब्यात ‘एम्परर शाहजहान’च्याही स्लाइड आहेत, आणि त्यांना बुरशी याहून जास्त आहे.