काकांचा वारसा आणि माझी सही

आमच्या घराण्यात वारसा नाकारण्याची रीत जुनी आहे. मात्र ती आजवर बायकांनीच पाळली. आईने माहेरच्या घरावरचा हक्क सोडला. पुढे वडिलांच्या पश्चात, त्यांनी बडोद्यात स्वकष्टाने बांधलेल्या घरावरचा माझा हक्क मी धाकट्या भावाच्या नावे सोडला, आणि निबंधक कार्यालयातून परतल्यावर घरी श्रीखंड-पुरीचे जेवण झाले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिलेला आहे, हे त्या पंगतीत कोणी बोलले नाही, आणि हक्क का सोडतेस असेही कोणी विचारले नाही. जर्मनीत वारलेल्या काकांच्या मालमत्तेतील वाटा मी नाकारला तेव्हा मात्र कारण विचारणाऱ्यांची रीघ लागली.

काका इथल्या कलाभवनात अभियांत्रिकी शिकून साठच्या दशकात जर्मनीला गेले. प्रवासखर्चासाठी आजीने आपल्या पाटल्या मोडल्या. काही वर्षे पत्रे येत राहिली, मग थांबली. आजी शेवटच्या आजारात असताना वडिलांनी तार केली, तिचे उत्तर आले नाही आणि त्यानंतर वडिलांनी घरात त्यांचे नाव काढले नाही. काकांनी लग्न केले नव्हते आणि मृत्युपत्रही केले नव्हते. अशा वेळी तिथल्या कायद्याप्रमाणे मालमत्ता भावंडांकडे आणि भावंडे हयात नसतील तर त्यांच्या मुलांकडे जाते, म्हणून तिथल्या न्यायालयाचे पत्र भावाला आणि मला आले.

जर्मन कायद्यात वारसा मृत्यूच्या क्षणीच आपोआप वारसाकडे येतो. तो स्वीकारण्यासाठी काहीच करावे लागत नाही; करावे लागते ते नाकारण्यासाठी. वारस झाल्याचे कळल्यापासून सहा आठवड्यांची, आणि वारस परदेशात असेल तर सहा महिन्यांची मुदत असते, आणि त्या मुदतीत गप्प राहणे हाच होकार ठरतो. आपल्याकडे नको असलेल्या स्थळाला उत्तर न पाठवणे हाच नकार असतो; तिथे ती सोय नाही. साधे पत्र किंवा ईमेल चालत नाही, सही रीतसर प्रमाणित झालेली लागते आणि कागद मुदतीच्या आत न्यायालयात पोहोचावा लागतो. गुजरात मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो, म्हणून सहीसाठी मुंबईला गेले.

एवढी कडक रीत असण्याचे कारण कर्जात आहे. भारतात मृताच्या कर्जासाठी वारस मिळालेल्या मालमत्तेपुरताच जबाबदार असतो. जर्मनीत मात्र वारसाने आपली जबाबदारी वेळीच मर्यादित करून घेतली नाही, तर स्वतःच्या खिशातून फेड करण्याची पाळी येऊ शकते. काकांवर कर्ज नव्हते आणि बँकेत बऱ्यापैकी रक्कम होती. कर्ज असते तर माझ्या शहाणपणाचे कौतुक झाले असते.

सल्ले पुष्कळ मिळाले. थोडे घे आणि बाकीचे सोड, असे एकाने सुचवले. पण वारसा अर्धा नाकारता येत नाही, आणि ‘अमक्याला मिळणार असेल तरच नाकारते’ अशी अटही घालता येत नाही. घेऊन दान कर, असे दुसऱ्याने सांगितले. हा सल्ला वरवर उदार वाटतो, पण दान करण्यासाठी आधी मालक व्हावे लागते, आणि मला नेमके तेच नको होते. वारस होणे म्हणजे केवळ खात्यात रक्कम जमा होणे नव्हे. अंत्यविधीचा खर्च वारसाचा, भाड्याच्या घराचा करार संपवून ते रिकामे करून देण्याचे काम वारसाचे, आणि कपाटातली पत्रे वाचायची की फाडायची हे ठरवणेही वारसाचेच. ज्या माणसाने हयातीत मला एक ओळ लिहिली नाही, त्याच्या कपाटात हात घालण्याइतकी मी त्याची कोणी नव्हते.

गेलेल्या माणसाचा अपमान करू नये, ही तक्रार मात्र मी मनावर घेतली आणि तिच्यावर विचारही केला. काकांनी माझे नाव लिहून काही ठेवले असते, तर कदाचित मी ते घेतले असते. त्यामागे निदान एक आठवण असल्याचे मानता आले असते. त्यांनी काहीच लिहिले नव्हते. मला मिळत होते ते नात्यांच्या कोष्टकाने नेमून दिलेले होते, तेव्हा माझ्या नकाराने अपमान झालाच असेल तर तो त्या कोष्टकाचा.

मी नाकारल्यावर माझा वाटा सरळ भावाकडे गेला नाही. मधे माझी मुलगी आली. ती सज्ञान असल्याने तिचा निर्णय तिचाच होता, आणि घ्यायचे असेल तर खुशाल घे, असे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने मला उलट विचारले, ‘आई, आजोबांच्या घरावर सही करताना तू एवढा विचार केला होतास का?’ नव्हता केला, असे मी सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही. तिनेही नकार दिला.

भावाने वारसा स्वीकारला आहे, आणि त्यावरून आमच्यात वाकडे आलेले नाही. पुतण्याला तिथे फक्त २०,००० युरोपर्यंतची वारसा करात सूट आहे, शिवाय परदेशातील खाते इथल्या आयकर विवरणपत्रात दाखवावे लागेल. त्याने सी.ए. गाठला आहे. घर रिकामे करायला ‘ताई, तूही चल, तुला अशा कामांची समज आहे’ असे तो म्हणाला, तेव्हा मी त्याला न्यायालयाची पोच दाखवली.