शंभरातले अडतीस

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात आमचे विद्यार्थी वर्ग सोडून गावात जातात. कागदोपत्री त्याला ‘ग्रामीण कृषी जागरूकता व कृषी औद्योगिक कार्यानुभव’ म्हणतात. गावात मात्र मुलगे कृषिदूत आणि मुली कृषिकन्या. पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने शेतकऱ्याबरोबर राहून काम करावं, अशी शिफारस रंधावा समितीने १९९२ मध्ये केली आणि तेव्हापासून हा कार्यक्रम देशभर रुजला. मी एका कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा विषय, शिकवते. मराठवाड्यातल्या काही गावांतले गट माझ्याकडे असतात. त्यांच्या नोंदवह्या बघायच्या, प्रात्यक्षिकांना हजर राहायचं, अडलं तर वाट काढून द्यायची, हे माझं काम.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. आर्द्रात दोन-चार सरी पडल्या, पण सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस लागतो, आणि मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा त्याच्या निम्म्यालाही पोचला नव्हता. तिफणी तयार होत्या, खतं घरात येऊन पडली होती आणि माणसं आभाळाकडे बघत पारावर बसून होती. आमच्या पाच कृषिकन्या नेमक्या त्याच दिवसांत गावात दाखल झाल्या.

शाळेत काय कार्यक्रम घ्यायचा, हा प्रत्येक गटापुढचा पहिला प्रश्न. बहुतेक गट झाडं लावतात, एक भाषण होतं, फलक धरून गावातून फेरी निघते. या गटाने ठरवलं, की जिल्हा परिषद शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांकडून घरच्या बियाण्याची उगवण तपासून घ्यायची. कल्पना गटप्रमुख मुलीची. ती शहरात वाढलेली, घरी शेती नाही. कृषीला प्रवेश घेतला तो एमपीएससी डोक्यात ठेवून, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण बियाणे तंत्रज्ञानाचा विषय तिने मनापासून वाचलेला होता, आणि आदल्या ऑक्टोबरात या गावात काढणीच्या वेळी पाऊस झाल्याचं घरोघरच्या सर्वेक्षणात तिच्या कानावर आलं होतं. तिने त्या दोन गोष्टी जोडल्या.

जोड अगदी बरोबर होती. सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं पीक. एकदा प्रमाणित बियाणं आणलं, की त्याच्या उत्पादनातून पुढचे दोन-तीन हंगाम घरचंच बी वापरता येतं. मात्र दाण्याची साल फार पातळ, आणि आतला कोंब सालीच्या लगेच खाली. शेंगा पक्व झाल्यावर भिजल्या, मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरला, पोतं उंचावरून आदळलं, तरी दाणा वरून पिवळाधमक दिसतो आणि आतून मेलेला असतो. २०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, कितीतरी जणांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्याच्याही आदल्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं पीक पावसात सापडलं होतं.

मुलांनी घरून वाटी-वाटी सोयाबीन आणलं. पोत्याच्या तोंडाशी असलेलं नको, हात कोपरापर्यंत घालून वेगवेगळ्या जागचं घ्या, असं कृषिकन्यांनी बजावलं होतं. गोणपाटाचे तुकडे धुऊन ओले केले, प्रत्येकावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरा ओला तुकडा, मग सैलसर गुंडाळी, आणि गुंडाळीला नावाची चिठ्ठी. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, हाताला येतील तसे मोजायचे, यावरून वर्गात बरीच वादावादी झाली म्हणे. प्रत्येकाला आपल्या घरचे टपोरे दाणे पुढे करायचे होते. मुलं रोज आळीपाळीने पाणी शिंपडत होती. आठव्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या शाळेत गुंडाळ्या उघडायच्या होत्या. मी त्यासाठीच गेले.

व्हरांड्यात मुलं ओळीने बसली होती. पावसाअभावी काम नव्हतं म्हणून पालकही बरेच जमले होते. गुंडाळ्या उघडल्या आणि मुलांनी भराभर मोजायला सुरुवात केली. गटप्रमुखाने त्यांना थांबवलं. नुसता मोड दिसला म्हणून दाणा मोजायचा नाही, ती म्हणाली. मूळ सरळ हवं, कोंब धड हवा, दोन्ही डाळिंब्या, म्हणजे दाण्याचे दोन्ही अर्धे, शाबूत हव्यात. नुसती शेपटी काढून थांबलेला, कुजकट, तुटक्या डाळिंबीचा, असे सगळे बाजूला. जमिनीतून वर येण्याचं बळ ज्याच्यात आहे तोच धरायचा. मुलांनी पुन्हा मोजलं आणि आकडे खाली आले.

मग एकेक जण उभा राहून आकडा सांगू लागला आणि फळ्यावर तो लिहिला जाऊ लागला. ८२. ७४. ७१. एका मुलाचे ६४ आले, तेव्हा त्यालाच फळ्याशी बोलावलं. सत्तर टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बी लागतं, तर चौसष्टला किती? त्याने त्रैराशिक मांडलं, ३० गुणिले ७० भागिले ६४, आणि ‘जवळपास ३३ किलो’ असं उत्तर काढलं. त्याचे वडील मागे उभे होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढून तो आकडा टिपून घेतला. साठच्या खाली उगवण गेली तर ते बी पेरायचंच नाही, हेही तिथेच सांगून झालं.

पुढची मुलगी सातवीतली. ती उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली, “अडतीस.”

व्हरांडा गप्प झाला. तिचे वडील पायरीवरच बसले होते. आठ एकर सोयाबीन करणारा, गावात ज्याचं पीक बघायला लोक बांधावर थांबतात असा माणूस. ते उठले. आवाज चढलेला नव्हता, पण दुखावलेला होता. “गोणपाट नीट भिजलं नसेल पोरींचं. गेल्या साली याच बियाण्यानं रान कसं भरलं होतं, विचारा कुणालाही.”

मी पुढे होणार होते, तेवढ्यात गटप्रमुख म्हणाली, “काका, गेल्या वर्षी पेरलेलं बी चांगलंच होतं, ते सगळं गाव सांगतंय. त्यातून आलेलं हे बी काढणीच्या वेळी भिजलं होतं का, एवढंच मला सांगा.”

मी मागेच थांबले. वर्गात आम्ही शेतकऱ्याशी संवाद कसा साधावा यावर तासन्‌तास बोलतो. तिने त्यांचा मान राखला आणि आकडाही सोडला नाही. ‘चुकून झालं असेल’ असं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती, सगळ्यांना हायसं वाटलं असतं, आणि आठ एकरांत तुरळक रोपं दिसली असती.

भिजलं होतं, ते म्हणाले. निम्मं. आता कुठलं पोतं कुठलं, ते कसं सांगणार? त्यावर त्यांची मुलगीच म्हणाली, “मला माहितीये बाबा. वरच्या वावराचं आधी काढलं होतं, ती पोती भिंतीकडं आहेत. मी आणलं ते दाराकडचं.”

शाळा सुटल्यावर आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. कृषिकन्यांनी दोन्हीकडच्या पोत्यांतून मूठ-मूठ काढून शंभर-शंभर दाणे मोजले आणि दोन पेल्यांत साध्या पाण्यात टाकले. साल तडकलेला दाणा पाणी भराभर ओढतो, फुगतो, त्याच्या सालीला सुरकुत्या पडतात. धड सालीचा दाणा तेवढ्या वेळात टणक राहतो. दहा मिनिटांच्या आत दाराकडच्या पेल्यातले निम्म्याहून जास्त दाणे सुरकुतले होते. भिंतीकडच्या पेल्यात तसे थोडेच. मुलीच्या वडिलांनी स्वतः दोन्हीतले दाणे चिमटीत दाबून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग भाड्याने आणलेल्या मळणी यंत्राची गोष्ट आपणहून सांगितली. वावरातली गंजी पावसात भिजलेली, यंत्रवाल्याला पुढच्या गावाला जायची घाई, ड्रम जोरात फिरवून दिवसभरात सगळं उरकलेलं. बियाण्यासाठी मळणी करायची तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपासच ठेवायचे असतात, हे त्या दिवशी त्या ओसरीत बऱ्याच जणांनी ऐकलं.

पेल्यातल्या पाण्याने फक्त सालीचं कळतं, म्हणून दोन्हींच्या गुंडाळ्या पुन्हा लावल्या. या खेपेला त्या त्यांच्याच घरी, त्यांच्याच हातांनी. पाऊस लांबल्यामुळे तेवढा वेळ मिळाला. भिंतीकडचे ७६ आले, दाराकडचे ३४.

भिंतीकडचं बी चार एकरांना पुरलं. उरलेल्या चार एकरांसाठी त्यांनी ८२ वाल्या मुलाच्या घरून बी घेतलं. घरचं बी राखणं, पेरणं, एकमेकांना देणं-घेणं आणि ब्रँडचं नाव न लावता विकणं हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात लिहिलेला आहे. ओसरीवर कुणीतरी शंका काढली, तेव्हा गटातल्या दुसऱ्या मुलीने तो सांगितला. दाराकडची पोती धान्य म्हणून बाजारात गेली. बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला औषध चोळणं, आधी करून ठेवली असती तर औषध लागलेलं ते सोयाबीन विकताही आलं नसतं. म्हणून आधी उगवण तपासायची आणि पेरणीच्या तोंडावर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, हा क्रम कृषिकन्यांनी मुलांकडून पाठच करून घेतला.

तरुणांनी शेतीची बाजू मांडावी, असं हल्ली सगळेच म्हणतात. मलाही मनापासून तसंच वाटतं. फेऱ्या, घोषणा, फलक यांना माझा विरोध नाही, त्यातून गावात ओळख होते. पण शेतीबद्दल बोलणाऱ्या तरुणाला, समोरच्या शेतकऱ्याला नको असलेला आकडा सांगता आला पाहिजे, आणि त्या आकड्याबरोबर ‘आता काय करायचं’ हेही सांगता आलं पाहिजे. हे जमायला विषय पक्का लागतो. ज्या मुलीच्या घरी गुंठाभर जमीन नाही तिने ते केलं. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी पाहिलं, की पुस्तकातलं त्रैराशिक आपल्या घरच्या पोत्याला लागू पडतं. शेतकऱ्याचं मूल शाळेत एक शिकतं आणि घरी वेगळंच बघतं, ही दरी मला फार वर्षं खुपत आली आहे.

पुनर्वसूत पाऊस झाला आणि पेरण्या उरकल्या. रोपं वर आल्यावर मुलांनी मीटरपट्टी घेऊन ओळीतली रोपं मोजली. त्या आठ एकरांत मीटरला १६-१७ रोपं होती. महिनाभराने कृषिकन्यांनी त्यांना एक रोप हळूच उपटून मुळांवरच्या गाठी कापून दाखवल्या. आतून गुलाबी निघाली की गाठ हवेतलं नत्र धरतेय, हे पाहिल्यावर मुलांनी आपापल्या बांधावर जाऊन किती रोपं उपटली असतील, ते त्यांचे पालकच जाणोत.

सप्टेंबरअखेर मी नोंदवह्या तपासायला गेले, तेव्हा ते गृहस्थ मुलीला घेऊन शाळेत आले होते. रब्बीला हरभरा करायचा होता, त्याचंही असंच बघता येतं का, हे त्यांना विचारायचं होतं. मी गटप्रमुखाकडे पाहिलं. तिने सातवीच्या वर्गाकडे बोट केलं. मुलांनी त्यांच्याकडून तिथल्या तिथे शंभर दाणे मोजून घेतले आणि हरभऱ्याला ७० चालत नाहीत, ८५ तरी लागतात, हे आधीच सांगून ठेवलं.