तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला मी कळते का?

"परक्या देशातला नवरा. तुझं मन कळतं का गं त्याला?" लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय. त्यात काळजी कमी, चौकशी जास्त. आजवर "कळतं की" म्हणून वेळ मारून नेली. आज सविस्तर सांगते, मग पुन्हा विचारू नका.

तो अमेरिकन. भाषेवाचून आमचं कधीच अडलं नाही. अडलं ते न बोललेल्यावाचून.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन ठेवला आणि मोज्यांच्या जोड्या लावायला बसले. एक काळा, एक गडद निळा. जुळत नव्हते, तरी एकात एक घालत राहिले. तो समोर येऊन उभा राहिला. मग हळूच विचारलं, "मी जवळ बसू, की तुला जरा एकटं राहायचंय?" मी म्हणाले, "काही नको." तो "बरं" म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत गेला. जाताना दार अलगद ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.

त्या अलगदपणाचा मला जो संताप आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. हे विचारायचं असतं? बाप गेलाय माझा, आणि हा मला हे की ते विचारतोय! सहा वर्षं एका छपराखाली राहून या माणसाला माझ्या 'नको'तलं 'ये' ऐकू येत नाही, मग कसला संसार? तो मात्र दाराच्या पलीकडे, आपण हिचा शब्द राखतोय अशा समजुतीत बसलेला. हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही भलत्याच भांडणात. "तू नको म्हणालीस. तुझा नकार मी होकार धरायला हवा होता का?" यावर काय बोलणार? त्या एका दिवशी धरायला हवा होता, बस.

भांडणात हरले की मी वाचत बसते. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर, हेजंग किम आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक प्रयोग सापडला. ताण येईल असं काम देण्याआधी काहींना जवळच्या माणसाकडे आधार मागणारं पत्र लिहायला लावलं, काहींना नुसतं आपल्या जवळच्या माणसांविषयी. आशियाई वंशाच्या लोकांचा ताण दुसऱ्या प्रकाराने हलका झाला, युरोपीय वंशाच्या अमेरिकनांना मागितलेला आधार जास्त लागू पडला. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं कॉर्टिसोलसुद्धा मोजलं होतं. मला घबाडच मिळालं. बघ, चूक माझी नाही! त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "मग माझीही नाही."

न बोललेलं ओळखण्याला कोरियन लोकांकडे 'नुन्ची' असा शब्द आहे, डोळ्यांनी घेतलेलं माप. जपानी लोक 'हवा वाचणं' म्हणतात. आपण 'न सांगता कळणं' म्हणतो आणि त्यावर जोडीदाराला पास-नापास करतो. सांगून कळलं तर त्यात काय कळलं, हे वाक्य तेव्हा मी किती तोऱ्यात म्हणायचे! आताही ते खोटं वाटत नाही, फक्त तोरा गेलाय.

आईला विचारलं, "बाबांना तुझं न सांगता कळायचं ना?"

"न सांगता? मी कपाटाची दारं आपटायचे तेव्हा कळायचं. तेही, काहीतरी बिनसलंय एवढंच."

म्हणजे मी ज्याला आमच्याकडची रीत म्हणून त्याच्याशी भांडले, ती आमच्या घरात तरी होती का, कोण जाणे. पण म्हणून त्या दिवशीचं ते दार मला चालतं, असंही नाही.

हल्ली माझं 'नको' ऐकलं की तो थांबतो आणि विचारतो, "हे कुठलं नको?" राग येतो, पण सांगते. निदान बहुतेक वेळा. आणि ज्या दिवशी खरंच काही नको असतं, त्या दिवशी न विचारता नेमका शेजारी येऊन बसतो.