हिशेबाची भाषा

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू घरात वाढलेल्या पोराला भाषा वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. घरी अम्माशी तेलुगू, शाळेत मराठी, किराणा दुकानात कानडी, यंत्रमागाच्या खडखडाटात दखनी हिंदी. समोर कोण आहे ते बघून जीभ आपसूक वळते. इंग्रजी पाचवीत आली, कानडी बंगळुरूच्या नोकरीत सुधारली, आणि निवृत्तीनंतर पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनची हौस भागवली. स्वप्नं आता कुठल्याही भाषेत पडतात. हिशेब मात्र मराठीतच होतो, मातृभाषेत नाही.

अम्मा विड्या वळायची. पंचवीसचा कट्टा, मजुरी हजारावर. ती तेलुगूत मोजायची आणि शेजारी बसून मी मराठीत. तिचं 'डेब्बै रेंडु' म्हणजे सरळ सत्तर आणि दोन. माझं बहात्तर. एकोणऐंशी तर आणखी वस्ताद: नाव ऐंशीचं, लिहायला सुरुवात सातानं! तेलुगूत किंवा कानडीत ही भानगड नाही. दशक आधी, सुटं मागून.

म्हणून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तर दोन' आलं आणि गदारोळ उठला, तेव्हा मला हसू येईना. विधानसभेत कोट्या झाल्या. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. माझ्या घरात तर पिढ्यान् पिढ्या असंच मोजत होते आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नारळीकरबाईंचं म्हणणं मला पटलं होतं. तरी पाढा तसा म्हणून बघितला, तर 'नऊ आठे सत्तर दोन'ला ठेकाच धरता येईना. पाढे डोक्यात नसतातच बहुतेक, जिभेवर असतात. तिथे एकदा एक भाषा बसली की दुसरीला जागा मिळत नाही.

जर्मनमध्येही सुटं आधी. बहात्तरला 'त्स्वायउंडझीब्त्सिष', म्हणजे दोन-आणि-सत्तर. बाई आकडे सांगत आणि इंग्रजी माध्यमातली तरुण मंडळी 27 लिहून मोकळी होत. मला वाटलं होतं, आपण मराठीवाले, आपल्याला हे सोपं जाईल. कुठलं काय! आयुष्यभर बहात्तर म्हणत आलो, पण त्यातला दोन कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. तो सगळा एकच गोळा. एरवी व्याकरणात पुढे असलेला मी आकड्यांच्या तासाला त्या पोरांच्याच रांगेत.

जर्मनीत गेलो तेव्हा बेकरीत ऑर्डर जर्मनमध्ये दिली, आभार जर्मनमध्ये मानले आणि सुटे पैसे मनात मराठीत मोजून घेतले. मुलगा शेजारी उभा राहून माझे पुटपुटणारे ओठ बघत होता.

अपवाद फक्त मोबाइल नंबरचा. तो मी इंग्रजीत सांगतो, एकेक आकडा सुटा. पण त्याची कुठे बेरीज करायची असते?