बिल्टीवरची गावे

सांगलीतल्या एका वाहतूक कचेरीत गेली सहा वर्षे मी बिल्ट्या, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पावत्या, लिहितो आहे. हळदीची पोती किती, भाडे किती, आगाऊ किती हे लिहिताना वाशी, वापी, इंदूर, हुबळी ही गावे रोज माझ्या हातून जातात आणि मी मात्र त्याच लाकडी खुर्चीत असतो. ट्रकचालक व्हावे हा विचार तिथेच बसून सुचला.

कायद्याची बाजू सोपी निघाली. वयाची २० वर्षे पूर्ण हवीत, हलक्या वाहनाचे लायसन निदान वर्षभर जुने हवे. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, त्यामुळे माझे बी.कॉम. इथेही निरुपयोगीच ठरले. मग मामांच्या दहाचाकीतून वाशीपर्यंत जाऊन पाहिले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली आहे, पण मामांची गाडी त्याआधीची असल्याने तिच्यात एका लहानशा पंख्यावर भागवावे लागते.

खंडाळा सोडून बोरघाट उतरू लागलो तेव्हा मामांनी गप्पा थांबवल्या आणि गियर खाली आणला. "ज्या गियरात चढायचं, त्याच गियरात उतरायचं," एवढेच म्हणाले. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांची गाडी वेग धरते, मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापले की धरत नाहीत. मामांचा पाय ब्रेकला अधूनमधून नुसता विचारून परत येत होता. माझे दोन्ही पाय मात्र समोरच्या पत्र्यावर घट्ट रोवलेले होते.

पहाटे चारला वाशीला पोहोचलो आणि खरा धंदा मला तिथे दिसला. गाडी रिकामी झाली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मामांनी बनियन धुऊन आरशाला वाळत घातले, स्टोव्हवर भात केला, दोनदा झोप काढली आणि चारदा हमालांची चौकशी केली. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. ते कुठून मोजायचे, असे विचारल्यावर मामा मनापासून हसले. ज्या खुर्चीला कंटाळून मी निघालो होतो तिचीच ही चाके लावलेली बहीण दिसत होती, फक्त हिच्यावरून संध्याकाळी सहाला उठून घरी जाता येत नाही.

आईचे म्हणणे असे की, ड्रायव्हर म्हटले की मुलीकडचे चहा घेऊन उठतात. मामांनी स्वतःच्या मुलाला स्टेअरिंगला हात लावू दिलेला नाही, पण मला ते नकोही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. काल मात्र बिल्टी घेताना त्यांनी सहज विचारले, "परवा हुबळीचं भाडं आहे, येतोस?"

एका खेपेवरून ठरवणे बरे नव्हे, म्हणून रजेचा अर्ज लिहायला घेतला आहे. कारण म्हणून 'घरगुती काम' लिहिले. मामांची गाडी असल्यामुळे ते अगदीच खोटे नाही.