मुंगीला कंबर असते

पूर्वप्राथमिकच्या प्रशिक्षणात पहिल्या सराव पाठासाठी मी टॅबलेटवर मुंग्यांचा पाठ तयार केला. रात्र जागून चित्रं जमवली, आवाज घातले, बरोबर उत्तराला टाळ्या ठेवल्या. चार वर्षांची मुलं गप्प बसून बघत राहिली. मला वाटलं, पाठ रंगला.

मार्गदर्शक बाईंनी फोनवर पाठ रेकॉर्ड केला होता. "यात मुलं किती वेळ बोलतात, ते मोज," एवढंच त्या म्हणाल्या. वीस मिनिटांत जेमतेम दोन! त्याहून बोचलं ते वेगळंच. मी प्रश्न विचारत होते आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन स्लाइड पुढे सरकवत होते. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि मोकळेपणाने बोलतात, हे मेरी बड रोव यांचं १९७०च्या दशकातलं संशोधन मी परीक्षेसाठी घोकलेलं होतं. समजलं मात्र स्वतःचा आवाज ऐकताना. आम्हाला ॲप्सची लांबलचक यादी शिकवली, स्वतःचा पाठ ऐकायला एकदाच लावलं. हे उलट हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग टाचण नव्याने लिहिलं. बाईंची अट होती: मुलांचे हात काय करणार ते आधी लिही, साधन शेवटी. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की या वयात बसून स्क्रीन बघणं दिवसाला तासाच्या आत हवं, कमी असेल तर उत्तम. माझा पहिला पाठ म्हणजे नुसतं बसून बघणंच होतं.

दुसऱ्या वेळी मुलांना अंगणात नेलं. चार मुलांत एक टॅबलेट, कॅमेऱ्याशिवाय काहीच उघडणार नाही असा पिन केलेला. एक मुलगी किती तरी वेळ पोटावर पडून होती. तिच्या फोटोत निम्मी माती आणि कोपऱ्यात एक मुंगी. वर्गात तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, "काय दिसतंय?" विचारलं आणि मनात मोजू लागले. एक, दोन, तीन.

"ताई, हिला कंबर आहे!"

शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "मग ती वाकत असेल."

वाकते का ते बघायला सगळी पुन्हा अंगणात धावली. टॅबलेट सतरंजीवर तसाच राहिला.