एक वीत वर : आमची वाटचाल

धंदा काय, असं जळगावात कोणी विचारलं तर मी 'लाइटवाले' एवढंच सांगतो. लग्नाची रोषणाई करतो असं समजून दोघा-तिघांनी तारीखसुद्धा विचारली आहे. आम्ही रोपांच्या डोक्यावर दिवे टांगतो. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे काचेच्या बाटलीत रोपं वाढवायच्या, खोल्यांतले स्टँड, पट्ट्या, टायमर, वायरिंग असं सगळं आमच्याकडे.

सुरुवात चोकपासून झाली, म्हणजे ट्यूबलाइटचा करंट आवरणाऱ्या ठोकळ्यापासून. मी आणि माझा मामेभाऊ, दोघांत मिळून एक खोकं, त्यात ट्यूबलाइटच्या पट्ट्यांची दुरुस्ती. एका उन्हाळ्यात रावेरकडचे नाना मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आले. पिशवीत काचेची बाटली, तळाला अगार, म्हणजे रोपाला खाद्य देणारी जेली, वर जी-नाईन जातीच्या केळीची पाच-सहा रोपं. नानांनी बाटली उजेडाकडे धरली. झाकणाला आतून घाम सुटलेला, थेंब ओघळून पानांवर आलेले, आणि पानं काचेसारखी आरपार दिसत होती.

"एसी 25 वर आहे रे भो, मग हे असं का?"

मला केळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. चोक किती तापतो, ते मात्र बोटांना ठाऊक होतं. नानांच्या खोलीत जाऊन पाहिलं तर 20 स्टँड, प्रत्येकाला पाच कप्पे, कप्प्याला 40 वॅटच्या दोन नळ्या. चोक पट्टीतच, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या बाटल्यांच्या बुडाखाली. तांब्याचा एक चोक 10-12 वॅट नुसते तापण्यात घालवतो. असे 200. दोन किलोवॅटची शेगडी पेटवून वर एसी लावल्यासारखंच ते. बाटली खालून शेकली की वाफ वर जाते, झाकण गार असतं, तिथे थेंब धरतो. एसीला हवा कळते, बाटलीचं बूड कळत नाही. आठ दिवसांत सगळे चोक बाहेर ओसरीच्या भिंतीवर ठोकले, वायर लांबवली, नळी आणि वरचा पत्रा यांत दोन बोटं जागा सोडली. घाम थांबला. नानांनी पैसे एकरकमी दिले. आमच्या धंद्यात ही बातमीच म्हणायची.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. यावल, चोपडा, शहादा. सांगण्यासारखं विशेष नाही.

मग एलईडी आली, आणि तिच्या मागोमाग मोठ्या शहरातली एक कंपनी. कंपनीचं नाव मी घेत नाही, इकडच्यांना कळेल. पोऱ्या टाय लावून यायचा आणि सांगायचा, "आमचा लाइट थंड असतो, पानाला टेकवला तरी चालतो." अहो, एलईडी पुढून थंड वाटते कारण तिची उष्णता पाठीतून निघते. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीतून वाहून नेली नाही तर चिप आतल्या आत शिजते, आणि ड्रायव्हरमधला, म्हणजे दिव्याला करंट पुरवणाऱ्या डबीतला, कपॅसिटर 10 अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात जिथे पारा 45 च्या वर जातो, तिथे हे कोणाला शिकवता?

एका लॅबने स्टँड आमचे घेतले आणि दिवे त्या कंपनीचे, जांभळे. बिलासोबत मी माझ्या हाताने चिठ्ठी लिहून दिली होती : 'पानाच्या उंचीवर 3000 लक्स उजेड ठेवणे.' लॅबवाल्यांनी आमच्याच मीटरने मोजलं, आकडा कमी आला, म्हणून दिवे खाली आणले. आणखी कमी, आणखी खाली. शेवटी बाटल्यांच्या झाकणापासून चार बोटांवर आले, तेव्हा मीटरने 3000 दाखवले. बारा दिवसांत शेंड्याची पानं पांढरी पडली. त्यांच्या सुपरवायझरचा सकाळी सहाला फोन, "भो, बठ्ठं बळी गयं!" म्हणजे सगळं जळून गेलं.

माझीच चिठ्ठी माझ्या तोंडावर नाचवली. बिल अडकलं, दोन ऑर्डरी रद्द झाल्या, बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. मामेभाऊ म्हणाला, दादा, आता यात काही राहिलं नाही. महिन्याभरात तो त्याच कंपनीचा डीलर झाला. लग्नकार्यात भेटतो, शेजारी बसून भरीत-पुरी खातो, लाइटचा विषय दोघंही काढत नाही.

चूक कुठे होती ते नानांच्या पुतणीने दाखवलं, ती तेव्हा बीएस्सीला होती. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त दिसतो, लाल-निळा कमी. पानाला मात्र लाल-निळाच जास्त लागतो. जांभळ्या, म्हणजे लाल-निळ्या, दिव्याखाली मीटर 3000 म्हणतो तेव्हा रोपाला पांढऱ्या नळीच्या कितीतरी पट मिळत असतं. मला हे ठाऊक नव्हतं, कबूल करतो. दिवा विकणाऱ्याला ठाऊक असायला नको?

त्या वर्षी नानांनी नव्या खोलीचा ॲडव्हान्स काम सुरू होण्याआधी आणून दिला. "तू उभा राहा, मग दिवे उभे राहतील," एवढंच बोलले. त्या कामापासून आम्ही स्लॉटेड अँगलच, म्हणजे खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, वापरतो. नटबोल्ट सोडला की दिवा खाच-खाच वर सरकतो.

घरी कुंडीवर दिवा लावणाऱ्यांचेही हल्ली फोन येतात, म्हणून सांगून ठेवतो. साधी नळी असेल तर पानापासून एक वीत, एलईडी पॅनल असेल तर दीड-दोन वीत वरून सुरुवात करा. पानाच्या उंचीवर पालथा हात अर्धा मिनिट धरा. ऊब जाणवली तर वर घ्या. पण हाताला फक्त उष्णता कळते, म्हणून पानही बघत जा. कडा वळून वाळल्या तर उष्णता, शेंडा फिका पडला तर उजेड जास्त, दांडा लांबून लुळा पडला तर दिवा लांब. एकच बल्ब असेल तर अंतर दुप्पट केल्यावर उजेड चौथाई राहतो, त्यामुळे एकदम हातभर वर नेऊ नका. लॅबवाल्यांनी मात्र उन्हाळ्यात दिवे रात्री चालवावेत, संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. बाटलीतल्या रोपाला 16 तास उजेड हवा, ते घड्याळ बघत नाही.

मुलगा आता धंदा बघतो, कोटेशन मोबाइलवरच पाठवतो. त्या लॅबचं 1,86,000 चं येणं मात्र मी दर लक्ष्मीपूजनाला जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवतो. तो म्हणतो, "सोडा आता पप्पा." मी उतरवतो.